टकळी, झाडू आणि विहिरींचा नकाशा

शिकागोमध्ये १८९६ साली जॉन ड्यूई नावाच्या प्राध्यापकाने एक लहानशी शाळा काढली. विद्यापीठाला जशी रसायनाची प्रयोगशाळा असते, तशी ही शिक्षणाची प्रयोगशाळा. तिथल्या मुलांपुढे एकदा कापसाची बोंडं ठेवली गेली. सरकी हातांनी वेगळी करायची होती. मुलं अर्धा तास बोटांनी झटली. निघालेली रुई तोलली, तर ती एक औंससुद्धा भरली नाही, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम अडीच तोळे. कापसाच्या आधी माणसांनी लोकरीचं कापड का वापरलं, हे सांगायला मग शिक्षकांना व्याख्यान द्यावं लागलं नाही. एक माणूस दिवसभर खपला तरी हातानं एक पौंडच रुई काढू शकतो, यावर त्या मुलांचा लगेच विश्वास बसला, कारण बोटं त्यांचीच दुखत होती. ड्यूईने १८९९ च्या 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात ही हकीकत नोंदवली आहे.

वऱ्हाडातल्या माणसाला ही हकीकत वाचताना थोडं हसू येतं. सरकी म्हणजे काय आणि रुई म्हणजे काय, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. पण त्या बोंडाच्या पुढची गोष्ट आम्हाला शाळेत कुणी जोडून दाखवली नाही. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली सरकी काढायचं यंत्र केलं. त्यामुळे कापूस परवडू लागला, लागवड वाढली, आणि त्या शेतांत राबवायला गुलामही अधिक लागले. गुलामीच्या प्रश्नावर १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं तिथे यादवी चालली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. वऱ्हाडात कापसाचे भाव चढले. मुंबईहून निघालेली रेल्वे त्याच दशकात बडनेऱ्यावरून पुढे १८६७ साली नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा निघाला. म्हणजे आमच्या बडनेऱ्याचं जंक्शन, इथली नवी वस्ती, इथली कापडगिरणी, या सगळ्याचा धागा एका बोंडातून निघतो आणि मिसिसिपीकाठच्या गुलामाच्या हातापर्यंत जातो. हा धागा मुलाच्या हातात कसा द्यायचा? समाज बदलतो कसा, कुणाच्या जोरावर, कुणाच्या पाठीवरून, हे त्याला पाठ करायला न लावता कसं कळेल? या प्रश्नाचं एक मोठं उत्तर शोधण्याचा खटाटोप आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला. बडनेऱ्याहून त्याच रुळांवरून शंभर किलोमीटरच्या आत वर्धा आहे.

वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रुवाला होते, आणि दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. त्याआधी काही महिने गांधीजींनी 'हरिजन' पत्रात आपला विचार मांडला होता: मुलाचं शिक्षण एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगापासून सुरू व्हावं, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा. परिषदेला जमलेले बहुतेक जण गांधीजींना मानणारे. अशा सभेत उठून वेगळं बोलायला छाती लागते. झाकिरसाहेब बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ही कल्पना अगदी नवी नाही. अमेरिकेत 'प्रोजेक्ट' पद्धत आहे, रशियातही तिच्यासारखे प्रयोग झाले आहेत. दुसरं म्हणजे, स्वावलंबनावर भलताच भर दिला तर शिक्षक मुकादम होतील आणि गरिबांच्या पोरांच्या श्रमावर शाळा चालेल. गांधीजींची मोठी गोष्ट ही, की आराखडा करायला जी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद त्यांनी याच माणसाला दिलं.

झाकिर हुसेन हे केवळ विद्वान गृहस्थ नव्हते. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर १९२६ पासून ते जामियाचा गाडा ओढत होते. पगार वेळेवर निघायची मारामार. तरी तिथल्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोळी नावाचे शिक्षक मुलांची बँक, मुलांचं दुकान असले उद्योग मुलांकडूनच चालवून घेत. झाकिरसाहेब स्वतः मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहीत. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट उर्दू वाचणाऱ्या घरांत आजही मुलांना वाचून दाखवतात. पुढे हाच माणूस भारताचा राष्ट्रपती झाला आणि १९६९ साली त्या पदावर असतानाच वारला.

समितीने दीड महिन्याच्या आत अहवाल दिला. त्यातलं वेळापत्रक आजच्या पालकाने वाचावं आणि दचकावं. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं. मातृभाषेला चाळीस मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला मिळून तीस. कवायतीला दहा आणि सुट्टीला दहा. इंग्रजी नाहीच! सात ते चौदा वयाच्या सगळ्या मुलामुलींना हे शिक्षण मोफत आणि सक्तीचं, आणि तेही मातृभाषेतून. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली. त्याच वर्षी हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं पुढे सेवाग्राम म्हणून नावारूपाला आलेल्या शेगावात पडलं. कारभार पाहायला आले आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य. ते श्रीलंकेतले तमिळ ख्रिस्ती, त्या बंगाली, आणि दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. वर्ध्याच्या मातीत ही अशी माणसं येऊन रुजली.

आता तुम्ही म्हणाल, तीन तास वीस मिनिटं सूत कातून मूल काय शिकणार? हिशेब ऐका. सूत मोजायचं माप होतं तार. एक तार म्हणजे चार फूट. एकशे साठ तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे सहाशे चाळीस तारांची, एक गुंडी. मुलाने तासात किती तार काढले, शेजाऱ्याने किती काढले, रुई किती लागली, किती वाया गेली, गुंडीला मजुरी काय मिळेल, त्या मजुरीत घरातल्या माणसाचं पोट भरेल का? पहिले प्रश्न गणिताचे आहेत, शेवटचा समाजाचा. कधी गणित संपलं आणि समाज सुरू झाला, ते मुलालाही कळत नाही. पाठ्यपुस्तकात 'कारागिरांची दुरवस्था' असा मथळा असतो. इथे ती दुरवस्था मुलाच्या पाटीवर स्वतःच्या अक्षरात यायची.

कापूस निवडणं, सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं आणि मग टकळीवर कातणं, असा हा क्रम. यातलं पिंजण्याचं काम आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पिंजाऱ्यांचं. पिंजारी बहुतेक मुसलमान. गाद्या भरायच्या दिवसांत खांद्यावर ते धनुष्यासारखं पिंजण घेऊन ते आळीत आले, की तातीचा 'टंग टंग' आवाज दूरवरून यायचा. मला नेहमी वाटतं, बुनियादी शाळेचा खरा मास्तर हा माणूस होता. शाळेच्या ओसरीवर त्याला सन्मानाने बसवून, 'काका, कसं करायचं ते दाखवा' असं मुलांनी म्हटलं असतं, तर सूत निघालं असतंच. शिवाय हाताने काम करणारा शिकवू शकतो, ही गोष्ट मुलांनी डोळ्यांनी पाहिली असती. किती शाळांनी असं केलं असेल? फार थोड्या. बहुतेक ठिकाणी ट्रेनिंग घेतलेल्या मास्तरानेच आपल्या अडाणी बोटांनी पिंजून दाखवलं.

आणि इथेच या सगळ्या प्रकरणातला नाजूक मुद्दा येतो. सेवाग्रामच्या शाळेत मुलं पाळीपाळीने स्वयंपाक करत, मुलगेसुद्धा. सगळे एका पंगतीत जेवत. संडास-सफाई हाही अभ्यासाचाच भाग होता. ती स्वच्छता केवळ आरोग्याची नव्हती. १९४० च्या सुमारास एखाद्या ब्राह्मणाच्या किंवा पाटलाच्या मुलाने हातात झाडू घेऊन संडास साफ करणं म्हणजे हजार वर्षांची एक भिंत त्या मुलाने स्वतःच्या हाताने हलवणं. घरी सांगायचीसुद्धा चोरी! पण तोच झाडू मेहतराच्या मुलाच्या हातात दिला, तर त्यात नवं काय? त्याच्या आईच्या हातात तो आहेच. त्याला शाळेत यायचं होतं ते तो झाडू सुटावा म्हणून. हाताने काम करण्याचा एकच धडा एकाला मुक्त करतो आणि दुसऱ्याला तिथेच बांधतो. सेवाग्रामच्या माणसांना हे कळत असावं. सगळ्यांनी सगळी कामं करायची हा त्यांचा नियम त्यावरचाच उपाय होता. मात्र योजना सरकारी शाळांत उतरली, तेव्हा नियमातला जीव गेला आणि उरली नुसती टकळी.

वऱ्हाडात झाडूचा धडा दुसऱ्या एका माणसाने त्याआधीपासून दिला होता, आणि त्याची शाळाच नव्हती. गाडगेबाबा गावात येत ते झाडू घेऊन. आधी गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत, आणि लोकांना प्रश्न विचारत. उत्तर लोकांकडूनच काढून घेत. जन्माने परीट असलेला माणूस हातात खराटा घेऊन पाटलाच्या वाड्यापुढचं अंगण झाडतो, आणि रात्री त्याच पाटलाला सवाल करतो. कामाला प्रश्नाची जोड त्यांनी कधी तुटू दिली नाही. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर ते गेले.

गावकरी बुनियादी शाळांवर रुसले, ते का, हे समजायला फार अक्कल लागत नाही. 'घरी सूत काततोच, मंग शाळेत कायले पाठवू पोट्ट्याले? तिथं इंग्रजी शिकवा,' हे सरळ साधं म्हणणं होतं. शहरातल्या साहेबाच्या मुलाला इंग्रजी आणि खेड्यातल्या पोराला टकळी, असा हा मामला त्यांना दिसला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गंमत अशी, की खेड्यातल्या शाळेत हाताचं शिक्षण द्या, ही मागणी त्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी जोतीराव फुल्यांनीही केली होती. १८८२ च्या हंटर कमिशनपुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे मागितले. शाळेला जोडून नमुन्याची छोटी शेती असावी असं सुचवलं. पण फुल्यांच्या मागणीत लिहिणं, वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल यांतलं काही कमी करून शेती द्या असं नव्हतं. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. जेमतेम चौदा वर्षांची पोर आपल्याच लोकांची स्थिती तपासते, कारणं विचारते आणि छापते. शाळेतल्या मुलीने केलेला समाजबदलाचा याहून जुना प्रकल्प मराठीत मला तरी माहीत नाही. तिचं हत्यार टकळी नव्हती, बोरू होता.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्याच काळात रविशंकर शुक्लांची 'विद्यामंदिर' योजना आली. गावकऱ्यांनी जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची. कल्पना वाईट नव्हती. पण 'मंदिर' या शब्दावर मुसलमान बिथरले, मुस्लिम लीगने रान उठवलं, आणि १९३८ च्या पीरपूर अहवालात विद्यामंदिर आणि वर्धा योजना दोन्हींवर ठपका आला. ज्या योजनेचा आराखडा एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने केला, तीच मुसलमानांविरुद्ध आहे असं सांगितलं गेलं. नाव बदलायला किती शाई लागली असती? दोन्हीकडचे हट्टी. मुलं राहिली बाजूला.

तेव्हा हाताने शिकवण्याचं सूत्र कुठेच नीट जमलं नाही काय? एका ठिकाणी जमलं, आणि त्या बाईंचा अमरावतीशी संबंध होता याचा आम्हाला सुप्त अभिमान आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या. त्यांचे पती इथे वकिली करत. संसार मोडला, त्या गुजरातेत गेल्या, गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणात रमल्या. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ. माँटेसोरीची साधनं महागडी, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे गोळा केले. पण साधनांहून महत्त्वाचं घडलं ते असं, की दलित आणि गरीब वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' तिथून आली. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या वारली वस्तीत गेल्या. तिथे मोठी मुलं गुरं राखायची, तर शिक्षक गुरांमागे कुरणात जाऊन बसले. तिचं नाव कुरणशाळा. ड्यूईच्या शाळेत कापूस मुलांपर्यंत आणला गेला होता. इथे वर्गच मुलापर्यंत चालत गेला.

सरकारी पातळीवर मात्र मूलोद्योगाचं पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली 'कार्यानुभव' सुचवला. आमच्या वेळी आठवड्यातून दोन तासिका असायच्या. कधी खडू करायचे, कधी कागदी पिशव्या. गुण कुणाचेच जायचे नाहीत, म्हणून विषयाला किंमतही नव्हती. पुढे 'प्रकल्प' आला. आज कुठल्याही गावात शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात जा. 'हुंडाबंदी', 'स्त्री-भ्रूणहत्या', 'महात्मा फुले' असे छापील तक्ते दोरीवर वाळत घातलेले दिसतील. मूल दहा-वीस रुपयांना समाजसुधारणा विकत घेतं, थर्मोकोलवर चिकटवतं, चमकी लावतं. चमकी आई लावते, हे शिक्षकांनाही ठाऊक असतं. फुल्यांच्या चित्राखाली ज्याचं नाव लिहिलेलं असतं, त्याने त्यांच्याविषयी एक प्रश्नही कुणाला विचारलेला नसतो. यात मुलाचा दोष शून्य. आपणच त्याला सांगितलं आहे की समाजबदल ही चिकटवण्याची वस्तू आहे.

सेवाग्रामची जुनी शाळा मध्यंतरी बंद पडली होती. २००५ साली त्याच आवारात नई तालीम समितीने 'आनंद निकेतन' ही शाळा नव्याने सुरू केली. मुलं बाग करतात, शेती करतात, स्वयंपाक करतात, सूतही काततात. पण मला तिथली महत्त्वाची वाटते ती हिशेबाची वही. बियाणं किती, खत किती, श्रम किती, हाती काय आलं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज वाचाव्या लागल्या, तिथल्या मुलाने स्वतः पिकवलेल्या वाफ्याचा जमाखर्च मांडणं हे अर्थशास्त्र तर आहेच. त्याच्या बापाच्या कपाळावरची आठी वाचायला शिकणंही आहे.

अशी गोष्ट साध्या शाळेत, साध्या खर्चात होऊ शकते का? आमच्या भागात एका शाळेत माझ्या ओळखीच्या एक बाई सातवीला इतिहास शिकवत. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. मग मुलांना सांगितलं, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे, कोण काढायचं, आणि कुणाला वरून ओतायचे. महिनाभर मुलं विचारत फिरली. ड्रॉइंगच्या कागदांचे चार तुकडे जोडून गावाचा नकाशा झाला, त्यात विहिरी निळ्या ठिपक्यांनी, आणि प्रत्येक ठिपक्याजवळ कोण भरायचं त्याची खूण. आमच्या मोहल्ल्यातली विहीरही त्यात होती. तिथे कुणाला मज्जाव होता का, यावर आमच्याच बुजुर्गांची दोन उत्तरं आली, म्हणून मुलांनी तिच्याजवळ प्रश्नचिन्ह काढलं. बाईंनी ते खोडू दिलं नाही.

नकाशा भिंतीवर लागला आणि आठ दिवसांत कुणीतरी येऊन मुख्याध्यापकांना म्हणालं, मेलेली मढी कशाला उकरता? नकाशा कपाटात गेला. बाई गप्प बसल्या, मुलं गप्प बसली. पण गोष्ट घरोघर पोचलीच होती. एका मुलीची आजी, ऐंशीच्या घरातली, नातीचा हात धरून शाळेत आली. 'आमची इहीर कुठी काढली, दाखवा मले.' कपाट उघडावं लागलं. म्हातारीने चष्मा नव्हता म्हणून नातीलाच ठिपके वाचायला लावले, आणि मान हलवली. विहीर चुकीच्या जागी होती. ती चिंचेच्या अलीकडे नव्हती, पलीकडे होती. आणि बाया उभ्या राहायच्या त्या नाल्याच्या अंगाला, घागर खाली ठेवून, कुणीतरी पोहरा ओतेपर्यंत. किती वेळ, असं एका पोराने विचारलं. म्हातारी म्हणाली, ऊन इथून इथपर्यंत सरके तोवर, आणि वर्गाच्या फरशीवर तिने पायानेच ते अंतर दाखवलं. मुलांनी खोडरबर घेतला, जुना ठिपका पुसला आणि चिंचेच्या पलीकडे नवा काढला.